दुसऱ्या सुईची तारीख

शैलाताईंचे पाय मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा आमची ओळख होऊन दीड वर्ष उलटलं होतं. तोवर मला माहीत होत्या त्या खिडकीएवढ्याच शैलाताई. दुसऱ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर, बाहेर काढलेलं लोखंडी ग्रिल, त्यामागे त्यांचा चेहरा, खांदे आणि सतत काहीतरी निवडणारे, सोलणारे हात. त्या खाली बघून बोलत, मी वर बघून. माझी मान अवघडायची. त्यांचं काय अवघडायचं ते मला कळत नसे, कारण स्वतःबद्दलची तक्रार त्या कधी करत नसत.

आमचं घर मुंबईजवळच्या उमेळे गावात. पूर्वी घराभोवती केळी, मोगरा, पानवेल आणि मधोमध विहीर अशी वाडी होती. वडिलांनी अर्धी वाडी बिल्डरला दिली आणि तिथे तीन मजली इमारत उभी राहिली. ती इतकी जवळ, की तिकडे मिरच्यांची फोडणी पडली की इकडे आमच्या घरात सगळे शिंकायचे. मी माणिकपूरला सकाळच्या शाळेत शिकवत होते. दुपारी जेवण झालं की वह्या घेऊन मागच्या पडवीत बसायची. अशाच एका दुपारी वरून हाक आली, “बाई, आज बाजारात बोंबील आलेत का हो?”

मी म्हटलं, आलेत. ताजे आहेत का, कोण घेऊन बसलंय, चर्चजवळच्या कोपऱ्यावर बसणारी ती उंच कोळीण आली होती का, असं बरंच काही त्यांनी विचारलं. तुम्हाला उद्या आणून देऊ का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, “नको, मासळी आमचे हे आणतात. मी आपलं सहज विचारलं.”

हे सहज विचारणं मग रोजचंच झालं. स्टेशनकडे जाणारा रस्ता खणून ठेवला होता तो बुजवला का, रिक्षा आता कुठून वळतात, रविवारी चर्चमध्ये मिस्साला एवढी गर्दी कशी, लग्न होतं का कुणाचं. मी शिक्षिका असल्यामुळे नीट सांगायची मला सवय होती आणि त्यांना नीट ऐकायची. एखादी गोष्ट मी भरभर सांगितली तर त्या मला मागे न्यायच्या. “थांबा, बाई. दवाखाना डाव्या हाताला म्हणालात ना? मग पिठाची गिरणी कुठे राहिली?” मला वाटायचं, नवीन राहायला आल्यात, गाव समजून घेतायत.

नाताळ आला. मी खालूनच म्हटलं, उद्या सकाळी आमच्याकडे या, आई वाट बघतेय. त्या लसूण सोलत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “दाराला बाहेरून कुलूप असतं ना, बाई.” आज नळाला पाणी नाही म्हणावं, तशा सुरात.

त्या घरात माणसं तीनच. शैलाताई, त्यांचे यजमान सावंत, आणि सावंतांच्या आई, माई. सावंत मुंबईला एका कचेरीत होते. पहाटे निघत आणि रात्री जेवायच्या वेळेला परत येत. मूलबाळ नव्हतं. माईंना काही आठवेनासं झालं होतं. दाराच्या कड्या, लॅच, सगळं त्यांना उघडता यायचं, फक्त आपण कुठे राहतो तेवढं आठवायचं नाही. एकदा शैलाताई आंघोळीला गेलेल्या असताना माई बाहेर पडल्या, रेल्वेचा पूल ओलांडून थेट वालीवला पोचल्या. तिथल्या एका वर्कशॉपच्या कामगारांनी त्यांना चहा पाजून बसवून ठेवलं, म्हणून सापडल्या. दुसऱ्याच दिवशी सावंतांनी दाराला बाहेरून कडी आणि कोयंडा बसवला. कुलपाची चावी त्यांच्या खिशात राहू लागली.

मी त्यांना विचारलं, आतून कुलूप लावून चावी तुमच्या कमरेला ठेवली तर चालणार नाही का? त्या म्हणाल्या, तसं त्यांनी सावंतांना सुचवून पाहिलं होतं. सावंत म्हणाले, तू विसरशील, त्या दिवशी विसरलीसच ना.

“आणि आग लागली तर?”

“तेही विचारलं,” शैलाताई म्हणाल्या. “म्हणाले, आग लागेल असं वागूच नकोस.”

सावंत वाईट माणूस नव्हते, निदान बघणाऱ्याला तसं वाटलं नसतं. आवाज चढवत नसत. रविवारी चांगली मासळी आणत, जाताना कुलूप लावून जात, आल्यावर ती स्वतः साफ करून देत. अख्खी इमारत म्हणायची की आईची इतकी काळजी घेणारा मुलगा आजकाल बघायला मिळत नाही. गणपतीला तिघंही गावी जात, तेवढंच शैलाताईंचं बाहेर पडणं. बाकी वर्षभर वाणी आणि भाजीवाली खिडकीखाली येत, दोरीला बांधलेली कापडी पिशवी खाली येई आणि भरून वर जाई. ग्रिलच्या कोपऱ्यातली एक सळई थोडी वाकलेली होती, तिथून ती पिशवी जेमतेम आत ओढता यायची. त्या नाताळचा आमचा फराळही तिथूनच वर गेला.

त्यांच्या तोंडी एक वाक्य नेहमी असायचं, “एक काम करू या.” माई जेवायला नाही म्हणाल्या की त्या म्हणत, “एक काम करू या, आपण दोघी खिडकीत बसून जेवू.” पाणी गेलं की, “एक काम करू या, बाई, तुमच्या विहिरीची एक कळशी दोरीला बांधून बघू.” ती कळशी मधेच उपडी झाली आणि मी न्हाऊन निघाले, तेव्हा त्यांना पोट धरून हसताना मी प्रथम पाहिलं. अडचण आली की त्यांचा चेहरा उलट उजळायचा. काहीतरी करण्यासारखं समोर आलं, एवढंच त्यांना पुरे असायचं.

आमच्या वाडीतली एक तीनरंगी मांजर त्या उन्हाळ्यात पाण्याच्या पाइपाला धरून वर चढली आणि त्यांच्या ग्रिलमधल्या रिकाम्या खोक्यात व्याली. तीन पिल्लं होती. शैलाताईंना रोज सांगायला काहीतरी मिळालं. डोळे उघडले, एक पडद्यावर चढलं, एक माईंच्या पदरात झोपलं. आता त्या विचारत नसत, सांगत असत, आणि मी ऐके. आमच्याकडे मांजरं पिढ्यान् पिढ्या होती, पण त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं इतकं काही असतं हे मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे पिल्लं व्हायची, त्यातली बरीचशी मरायची, एखादं जगायचं. का मरतात, असं कुणी विचारत नसे.

पावसाळ्याच्या तोंडावर एका दुपारी मी शाळेतून येऊन बघते तर त्या खिडकीत उभ्या, हात रिकामे. म्हणाल्या, एक पिल्लू सकाळपासून ओकतंय. पाण्याच्या वाटीवर तोंड लोंबवून बसलंय, पण पीत नाही. मी काही बोलायच्या आत त्यांनी पिशवी खाली सोडली. ओल्या फडक्यात गुंडाळलेलं ते पिल्लू पोतेऱ्यासारखं मऊ पडलं होतं. मी तशीच रिक्षा करून माणिकपूरला जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. टेबलावर ठेवलं आणि थोड्याच वेळात ते गेलं.

परत आले तेव्हा त्या तिथेच उभ्या होत्या. मी मान हलवली. त्या म्हणाल्या, “डॉक्टर काय म्हणाले ते सांगा. तुमच्या शब्दांत नको, त्यांच्याच शब्दांत.”

मी सांगितलं. हा मांजरांचा विषाणूचा आजार आहे. लहान पिल्लांना झाला तर औषधाचा फारसा उपयोग नसतो. एकाला झाला की बाकीच्यांना होतोच. यावर लस आहे, पण ती आधी द्यावी लागते. पिल्लू दोन महिन्यांचं झालं की पहिली, मग तीन-चार आठवड्यांनी दुसरी, पुढे दर वर्षी एक.

“म्हणजे सुई आधी दिली असती तर हे वाचलं असतं.”

“हो.”

“आणि उरलेल्या दोघांना आता दिली तर?”

मी नाही म्हटलं. त्या “बरं, मी त्यांच्याजवळ बसते,” म्हणून आत गेल्या. ती दोघंही दोन दिवसांत गेली. एकेकाला त्यांनी जुन्या ब्लाउजच्या कापडात बांधून पिशवीतून खाली सोडलं आणि मी मोगऱ्याच्या आळ्यापलीकडे खड्डा खणला. वरून आवाज आला, “अजून थोडं खोल, बाई. कुत्री उकरतील.” रात्री सावंतांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, “सुटलीस एका कटकटीतून.” ‘सुटलीस’ या शब्दावर शैलाताई मला सांगताना किंचित थांबल्या होत्या, एवढं मला आठवतं.

डॉक्टरांनी असंही सांगितलं होतं की हा विषाणू घरात महिनोन् महिने राहतो, फरशी नुसती पुसून जात नाही. शैलाताईंनी माझ्याकडून ब्लीचिंग पावडर मागवली. पुढचे कितीतरी दिवस त्या घर धूत होत्या. खोकं जाळायला खाली पाठवलं. पडदे उकळले. वास आमच्या विहिरीपर्यंत यायचा. आई म्हणाली, गेली ती पिल्लं, आता कुणासाठी धुतेय ही? मी तेच जरा सौम्य करून शैलाताईंना विचारलं. म्हणाल्या, “मांजर पुन्हा येईल ना. तिला कुठे माहीत आहे सुईचं? मला माहीत आहे.”

आणि मांजर खरंच पुन्हा आली. दिवाळीनंतर त्याच ग्रिलमध्ये तिला दोन पिल्लं झाली, एक काळा-पांढरा बोका आणि एक राखाडी मादी. माईंनी दोघांचंही नाव बाबू ठेवलं. सावंतांचं लहानपणीचं नाव बाबू होतं. माई दिवसभर बाबूला मांडीवर घेऊन थोपटायच्या आणि रात्री सावंत आले की सुनेला विचारायच्या, “हे पाहुणे जेवून जाणार का?” सावंत तेव्हा हात धुवायला जात. हे सांगताना शैलाताईंच्या आवाजात सावंतांबद्दल दया असायची. ती मला तेव्हाही कळायची आणि आजही कळते.

आता शैलाताईंनी पिल्लांभोवती जो पहारा बसवला त्याला तोड नव्हती. पिल्लांनी ग्रिलमध्ये यायचं नाही, आतल्या खोलीतच राहायचं. मांजर बाहेरून आली की तिचे चारही पंजे ओल्या फडक्याने पुसायचे. ती फिस्कारायची, ओरबाडायची, पण पंजे पुसल्याशिवाय पिल्लांकडे जायला मिळायचं नाही. मी आमच्या घरच्या मांजरांना हात लावला असेल तर पिशवीला हात लावायचा नाही, अशी मला ताकीद होती. पिल्लं बंद दाराशी बसून ओरडत. मला त्यांची कीव यायची. एकदा मी तसं म्हटलं.

त्यावर त्या जे बोलल्या ते मी विसरलेली नाही. म्हणाल्या, “मलाही येते. पण यांना कोंडायचं ते दुसऱ्या सुईपर्यंत. मग खिडकी उघडायची. कोंडण्याला तारीख असली ना, बाई, की ते सहन करता येतं.”

पहिल्या सुईचा दिवस आला. शैलाताईंनी पिल्लांना आधी जंताचं औषध दिलं होतं. सकाळपासून दोघांचं नाक, डोळे, अंग चाचपून झालं होतं, कारण डॉक्टरांनी बजावलं होतं की पिल्लू अगदी ठणठणीत असलं तरच लस द्यायची. पिशवी खाली आली. आत दोन डोकी, चार भेदरलेले डोळे. डॉक्टरांनी लस मुंबईहून बर्फाच्या डब्यात मागवून ठेवली होती. मानेमागची कातडी उचलून त्यांनी दोघांना टोचलं आणि म्हणाले, आज-उद्या सुस्त राहतील, घाबरू नका. पण यावर निर्धास्त होऊ नका. आईच्या दुधातून आलेली ताकद अंगात असेल तर पहिली लस कधी कधी धरत नाही, म्हणून दुसरी द्यायचीच, आणि तोवर आजारी मांजराशी, त्याला हात लावलेल्या माणसाशीसुद्धा संबंध येऊ द्यायचा नाही. मग हसून विचारलं, “पिशवीत पिल्लं पाठवणाऱ्या या बाई स्वतः कधी येणार?” मी म्हटलं, येतील.

दुसऱ्या सुईच्या आधीच माई गेल्या. थंडीत छातीत कफ झाला आणि झोपेतच संपल्या. शैलाताई त्यांच्या उशाशी होत्या. नातेवाईक आले, दार दिवसरात्र उघडं राहिलं. मी आणि आई भेटायला वर गेलो, पण बायकांच्या गर्दीत शैलाताई भिंतीला टेकून मांडी घालून बसलेल्या होत्या आणि त्यांनी नुसता माझा हात धरून ठेवला. तेरावं झालं, पाहुणे पांगले. सावंत कामावर जाऊ लागले.

त्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा खिडकीत शैलाताई होत्या. मला वाटलं, आज त्या खाली येतील, म्हणून मी पडवीत खुर्ची आणून ठेवली होती. त्या खुर्चीकडे बघत म्हणाल्या, “कुलूप लावून गेलेत.”

मी म्हटलं, सवयीने लावलं असेल.

“मीही तसंच म्हटलं मनाशी. रात्री विचारते.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं. सावंत म्हणाले होते, सवय चांगली आहे, राहू दे. दिवस वाईट आहेत, तू एकटी असतेस. “माईंसाठी होतं असं मी इतके दिवस समजत होते,” शैलाताई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी बाजाराचं काहीच विचारलं नाही. त्यानंतरही कितीतरी दिवस नाही. खिडकीत येत, ग्रिलला धरून उभ्या राहत, आणि हात रिकामे असत. मला वरून हाक यायची थांबली तेव्हा कळलं, की मी दुपारी वह्या घेऊन पडवीत बसायची ती वह्यांसाठी नव्हे.

दुसऱ्या सुईची तारीख जवळ आली आणि नेमकी त्याच वेळी आमच्या घरच्या दुसऱ्या मांजरीची पिल्लं ओकायला लागली. तीच लक्षणं. मी त्यांना उचललं, पुसलं, पाणी पाजायला बघितलं. वरून शैलाताई सगळं बघत होत्या. त्या दुपारी त्यांनी हाक मारली.

“बाई, उद्या पिशवीला हात लावू नका.”

“मग पिल्लांना नेणार कोण?”

“एक काम करू या,” त्या म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी मी ते ऐकत होते. “उद्या स्टेशनजवळच्या त्या कुलूपवाल्याला घेऊन या. मीच नेते त्यांना.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी कुलूपवाल्याला रिक्षात घालून आणला. जिन्यात आमची चाहूल लागताच समोरच्या फ्लॅटमधले पाटणकर बाहेर आले. ते इमारतीचे सेक्रेटरी होते, निवृत्त, सज्जन गृहस्थ. सावंतांना विचारल्याशिवाय असं कुलूप उघडता येणार नाही, असं ते म्हणाले. कुलूपवाला पिशवी खाली ठेवून माझ्याकडे बघू लागला. घर कुणाच्या नावावर आहे, असं त्याने विचारलं.

दाराच्या आतून शैलाताईंचा आवाज आला. खिडकीतून येई त्याहून तो खूप जवळचा वाटला. “पाटणकर, मी आत आहे आणि मला बाहेर यायचंय. यात सावंतांना काय विचारायचं?”

पाटणकरांनी तरीही घरात जाऊन सावंतांच्या कचेरीत फोन लावला. परत येऊन दाराशी वाकून म्हणाले, वहिनी, ते म्हणतायत संध्याकाळपर्यंत थांबा, ते आल्यावर बघू.

“दवाखाना संध्याकाळी बंद असतो,” आतून उत्तर आलं. “दादा, तुम्ही उघडा.”

कुलूपवाल्याने पिशवी उघडली. मग पाटणकरांना म्हणाला, “साहेब, आत बाईमाणूस आहे आणि बाहेरून कुलूप आहे. मला जास्त विचारू नका.” कुलूप तोडावं लागलं नाही. दोन तारा घालून त्याने ते उघडलं. दार उघडल्यावर शैलाताईंनी कुलूप त्याच्या हातून घेतलं, वजन बघितल्यासारखं तळहातावर ठेवलं आणि म्हणाल्या, “आता ती कडी आणि कोयंडाही काढा. सगळे स्क्रू काढा. आणि आतल्या लॅचची एक चावी मला बनवून द्या.” पाटणकरांनी घरातून कुलूपवाल्यासाठी एक स्टूल आणून दिलं.

तोवर मी जिन्याच्या खालच्या वळणावर जाऊन उभी राहिले होते, कारण पिल्लांच्या जवळ जायची मला बंदी होती. शैलाताई पिल्लांची टोपली कडेवर घेऊन उतरू लागल्या. तेव्हा मी त्यांचे पाय पाहिले. पांढरट, मऊ टाचांचे, पायऱ्यांवर अंदाज घेत पडणारे. चपलेचा अंगठा जुना होऊन वाळलेला होता, तो चौथ्या-पाचव्या पायरीवरच तुटला. त्यांनी मंगळसूत्राला अडकवलेली पिन काढली, तो जोडला आणि पुन्हा उतरू लागल्या.

खाली दोन रिक्षा होत्या. “तुम्ही मागच्या रिक्षाने या, बाई,” म्हणून त्या पुढच्या रिक्षात एकट्या बसल्या. त्यांनी दवाखान्याचा रस्ता मला विचारला नाही. मागून मी बघत होते. गिरणीशी डावीकडे, चर्चच्या कोपऱ्याशी सरळ, सगळं त्यांचा हात रिक्षावाल्याला दाखवत होता. इतके दिवस मी खालून जे सांगितलं होतं, त्यावर त्या चालल्या होत्या.

दवाखान्यात मी दाराबाहेरच थांबले. डॉक्टर टोपलीकडे बघून म्हणाले, म्हणजे त्या तुम्हीच. शैलाताई हसल्या. राखाडी पिल्लू टोचून घेताना ओरडलं तेव्हा त्यांनी त्याचं डोकं आपल्या कोपरात दाबून धरलं. डॉक्टरांनी सांगितलं, आता दोनेक आठवडे अजून सांभाळा, मग खुशाल बाहेर सोडा. पुढची वर्षाने. शैलाताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “वर्षाने मीच घेऊन येईन. चालेल ना?” डॉक्टरांना हा प्रश्न का विचारला ते कळलं नसावं. चालेल की, म्हणाले.

परतल्यावर मी त्यांना म्हटलं, आज रात्री आमच्याकडे राहा. सावंत काय करतील याची मला धास्ती वाटत होती. त्या नको म्हणाल्या. “आज ते येतील तेव्हा मी घरात असायला हवी. आज दार मी उघडणार.”

पुढचं मला त्यांच्याकडूनच कळलं. सावंत आले, दारावरच्या स्क्रूच्या भोकांवरून त्यांनी बोट फिरवलं, कोणी काढलं म्हणून विचारलं. मी, असं त्या म्हणाल्या. ते जेवले नाहीत. त्या आठवड्यात बोललेही नाहीत. रविवारी बाजारातून येताना त्यांनी मासळीबरोबर नवी कडी, नवा कोयंडा आणि स्क्रू ड्रायव्हर आणला. शैलाताईंनी बघितलं. मासळीची पिशवी ओट्यावर ठेवली, पायात चपला घातल्या आणि दाराबाहेर पायऱ्यांशी जाऊन उभ्या राहिल्या.

“मी म्हटलं, लावा तुम्ही कडी. मी इथे बाहेर उभी आहे. लावून झाली की तुम्ही आत बसा, मी कुलूप घालते. संध्याकाळी येऊन उघडीन. एक दिवस बसून बघा.”

सावंतांनी एक स्क्रू बसवला, म्हणे. दुसरा बसवला नाही. स्क्रू ड्रायव्हर हातात धरून ते उंबऱ्यात बसून राहिले. मग म्हणाले, “मला भीती वाटते, शैला. माई गेली होती तशी तू जाशील.” शैलाताईंनी त्यांना सांगितलं की जायचं असतं तर त्या दिवशी रिक्षा स्टेशनवरूनच गेली होती. आणि मग दोघांनी मिळून मासळी साफ केली.

यानंतर सगळं चांगलं झालं, असं मला लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. शैलाताई बाहेर पडू लागल्या, हे खरं. बाजारात माझ्याबरोबर येत, त्या उंच कोळिणीशी घासाघीस करत, आमच्या पडवीतल्या खुर्चीत बसत. पण ऊन कलू लागलं की त्यांचं बोलण्यातलं लक्ष उडायचं. कुणी हाकललं नसताना त्या उठायच्या. बाजारात एखाद्या दुकानाचं शटर खाली ओढल्याचा आवाज झाला की माझा दंड पकडायच्या. सावंतांनी नंतर त्यांना कधी अडवलं नाही, पण सुट्टीच्या दिवशी त्या घरी पोचेपर्यंत ते खिडकीत उभे असत, आणि ते त्यांना लांबूनच दिसत असत.

पिल्लांचं म्हणाल तर बोका खिडकी उघडल्या दिवशीच पाइपावरून उतरला आणि अख्ख्या वाडीचा मालक झाला. राखाडी मादी मात्र उतरली नाही. वाकलेल्या सळईपाशी येऊन बसायची, खाली बघायची, मिशा थरथरवायची आणि आत जायची. महिने गेले तरी तेच. एकदा मी शैलाताईंना म्हटलं, हिला काही जायचं नाही, मग पावसाचं पाणी आत घेत खिडकी कशाला उघडी ठेवता?

“तिला नसेल जायचं,” त्या म्हणाल्या. “पण जात नाही म्हणून लावून घ्यायची नसते, बाई.”

वर्षाने दोघांनाही सुई द्यायला त्याच घेऊन गेल्या, बोक्याला पकडताना हातभर ओरखडे घेऊन. त्याच्या पुढच्या वर्षीही. एव्हाना इमारतीत आणि आमच्या आळीत ज्यांच्या घरी पिल्लं होती त्यांना शैलाताईंनी तारखा पाठ करायला लावल्या होत्या. माझी आईसुद्धा विचारायला लागली होती, या पिल्लांची सुई झाली का म्हणून. आमच्याकडे पिल्लं मरायची थांबली. इतकी साधी गोष्ट होती.

मग सावंतांनी नोकरी सोडली आणि फ्लॅट विकून गावी जायचं ठरवलं. जाताना बोका शैलाताईंनी माझ्याकडे सोडला, कारण तो कुणा एकाचा राहिलाच नव्हता. राखाडी मादी टोपलीत घालून त्या टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी बसल्या. सावंत मागे सामानात. निघताना शैलाताईंनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि बोक्याची पुढची तारीख पुन्हा एकदा माझ्याकडून म्हणून घेतली.

त्यानंतर भेट झाली नाही. एकदा फोन आला. गावच्या घराला मोठं अंगण आहे, दार दिवसभर उघडंच असतं, राखाडी मादी अजूनही उंबऱ्याच्या आतच बसते, सावंत आता बागेत रमलेत, असं सगळं त्यांनी सांगितलं. इथली मासळी, रस्ते, कोळीण, सगळं विचारलं. शेवटी मी म्हटलं, मग आता बरं वाटतं ना?

त्या म्हणाल्या, “वाटतं. फक्त दिवेलागणीला अजून कान दाराकडे जातात. वाटतं, कुणीतरी आता बाहेरून चावी फिरवेल. घरातच असतात हे, समोर बसलेले असतात, तरी वाटतं.”

“मग काय करता?”

“काय करणार? उठते, आणि अंगणात जाऊन उभी राहते.”